मेकॅनिकल सोडून ओटीला जायचंय? आधी बारावीची मार्कशीट काढ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की वय २९, मेकॅनिकल इंजिनिअर, हिंगणा एमआयडीसीत सहा वर्षं क्वालिटीत, आता ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) शिकायचीय, त्याला नीट द्यावीच लागते का, उशीर झाला का आणि अर्जात ‘फील्ड का बदललं’ इथे काय लिहायचं. इंजिनिअरिंगला मार्क कमी का पडले याचे चार परिच्छेद दिलेस, आणि अगदी शेवटी जाता जाता एक ओळ, की लाइनवरच्या एका माणसाची प्रेस मशीनमध्ये दोन बोटं गेली, तो थेरपी करून परत आला आणि तू त्याच्या फिक्स्चरचं, म्हणजे पार्ट धरून ठेवायच्या साच्याचं, हँडल बदलून दिलंस. अरे बाप्पा, ती ओळ सगळ्यात वर पाहिजे होती न! तिच्याकडे नंतर येते.

मी नागपूरचीच, ओटी इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजमधूनच केलं, बावीस वर्षं झाली काम करून राहिले, आधी हॉस्पिटलमध्ये आणि आता धंतोलीत छोटं क्लिनिक आहे. दर वर्षी दोघं-तिघं तरी तुझ्यासारखे येतात, कोणी बँकेतून, कोणी आयटीतून, एक तर इंटिरिअर डिझाइनवाली होती. त्यातले निम्मे पहिल्या महिन्यातच परत जातात आणि ते बरंच आहे, काहून ते खाली सांगते.

घरच्यांना सांगताना पहिली अडचण नावाची येईल. ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटर, आणि सरकारी पाटीवर ‘व्यवसायोपचार’ लिहिलेलं असतं ते वाचून एक काका खरंच आत आले होते विचारायला, की इतवारीतलं दुकान बसलंय, काही होऊ शकेल का. व्यवसाय म्हणजे इथे धंदा नाही, माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करतो ते सगळं, दात घासण्यापासून स्कूटर चालवण्यापर्यंत. फिजिओवाला खांद्याची हालचाल परत आणतो, आम्ही विचारतो की त्या खांद्याने तुम्हाला काय करायचंय. तसं दोघांचं काम एकमेकांत बरंच मिसळतं, पण सासरेबुवांना वगैरे सांगायला एवढं पुरे.

आता मार्कशीट. इंजिनिअरिंगला जायचंय हे अकरावीतच ठरलेलं होतं म्हणजे तूही बायफोकल घेतलं असशील, इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स, आणि बायो सोडलं असेल. आपल्याकडे हजारो पोरांनी हेच केलंय, स्कोअरिंग आहे म्हणून. महाराष्ट्रात बीओटीएचची, म्हणजे ओटीच्या डिग्रीची, अ‍ॅडमिशन नीटच्या स्कोअरवर होते, राज्याच्या सीईटी सेलच्या राऊंडमधून, फिजिओथेरपी आणि बीपीओ (कृत्रिम हातपायांचा कोर्स) यांच्याबरोबर, आणि त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही पाहिजेत. तुझी बीईची डिग्री तिथे काहीच कामाची नाही. लॅटरल एंट्री नाही, सूट नाही, अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या बाकावर बसून अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी पहिल्यापासून. आणि ‘बीईनंतर डायरेक्ट ओटीचं मास्टर्स होते का’ हे पुढच्या मेसेजमध्ये विचारणारच आहेस तर आत्ताच सांगते, इथे नाही होत, त्याला आधी बीओटीएच लागतं.

बायो असेल तर तुझं काम निम्मं सोपं. नसेल तर तो विषय जादा घेऊन पास व्हावं लागेल, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून एखादाच विषय घेता येतो, प्रॅक्टिकलसकट. २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो घेतलेल्यांनाही नीटचा रस्ता मोकळा केला, पण तो निर्णय डोळ्यासमोर एमबीबीएस ठेवून झालेला आहे, म्हणून तू फी भरायच्या आधी त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका उघडून बीओटीएचच्या पात्रतेची अट शब्दन् शब्द वाच, आणि शंका आली तर ईमेल करून लेखी उत्तर घे. कोचिंगवाल्याच्या ‘होऊन जाते सर’ वर विसंबू नको. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं अख्खं वर्ष अशाच तोंडी भरवशावर गेलं.

नीटला वयाची वरची अट आता नाही. ७२० मार्क, त्यातले ३६० एकट्या बायोचे. फिजिक्स तुला जड जाणार नाही, उलट अठरा वर्षांच्या पोरांपेक्षा तुझं बरं असेल, पण बायो म्हणजे एनसीईआरटीच्या दोन पुस्तकांची ओळन् ओळ, आणि नोकरी करून रात्री साडेनऊला घरी येऊन ते पाठ करणं, तेही मे महिन्याच्या परीक्षेसाठी मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हाळ्यात, कूलरच्या आवाजात... जमते, पण सहज जमते असं मी म्हणणार नाही. नीट ‘नीट’ द्यायची असेल तर शेवटचे पाच-सहा महिने तरी सुट्टी किंवा शिफ्टचं काहीतरी बघावं लागेल.

वयाचं लोक म्हणतात की अरे पस्तीस तर तसाही होणारच आहेस, मग शिकून हो. ऐकायला छान वाटतं, मला पटत नाही. पस्तीसचा होशील हे खरं, पण त्या मधल्या वर्षांत पगार नसेल. हिशोब करू. बायोला एक वर्ष, नीटला एक, मग साडेचार ते पाच वर्षांचा कोर्स इंटर्नशिप धरून. म्हणजे छत्तिशीत तू फ्रेशर, आणि फ्रेशर ओटीला नागपुरात तुझ्या आत्ताच्या पगाराएवढे पैसे कोणी देणार नाही. होम लोन आहे का, लग्न झालंय का, बायकोची नोकरी आहे का, आईबाबांना पेन्शन आहे का, हे तू मला लिहिलं नाहीस आणि लिहायचीही गरज नाही, पण कागदावर मांड. ज्यांचं जमलं त्यांच्या घरात दुसरा पगार होता, किंवा त्यांनी तीन वर्षं आधीपासून बाजूला टाकलं होतं. जिद्दीवर चाललंय असं कोणाचं मी पाहिलं नाही, जिद्द सगळ्यांकडेच होती.

दुसरा रस्ता बाहेरचा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये कुठल्याही विषयाचा ग्रॅज्युएट दोन-अडीच वर्षांचं मास्टर्स करून ओटी होऊ शकतो. तिथे बारावीचं बायो कोणी विचारत नाही, पण अमेरिकेत प्रीरिक्विझिट नावाचं एक लचांड असतं, म्हणजे अर्जाआधी केलेलेच पाहिजेत असे विषय, अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी लॅबसकट, स्टॅटिस्टिक्स, डेव्हलपमेंटल आणि अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी, कुठे सोशिऑलॉजी. प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी, आणि बऱ्याच ठिकाणी हे विषय इतक्या वर्षांच्या आत केलेले पाहिजेत अशीही अट असते. तुझ्या इंजिनिअरिंग मॅथ्समध्ये थोडंफार स्टॅटिस्टिक्स असेलच, तो सिलॅबस युनिव्हर्सिटीतून शिक्का मारून आणून ठेव, त्याला किती चकरा लागतात तुला माहीत आहे. बाकीचे विषय ऑनलाइन घेण्याआधी त्या कॉलेजला मेल टाकून विचार की हा कोर्स धराल का, उत्तर आल्याशिवाय एक रुपया भरू नको. अर्ज बहुतेक ओटीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून जातो. कॉलेजला एसीओटीईची, म्हणजे ओटी कॉलेजं तपासणाऱ्या तिथल्या संस्थेची, मान्यता आहे ना हे आधी बघ, कारण त्याशिवाय एनबीसीओटीची, म्हणजे तिथली राष्ट्रीय ओटी परीक्षा देता येत नाही आणि ती दिल्याशिवाय लायसन्स नाही. शिकताना शेवटी निदान २४ आठवडे फुलटाइम फील्डवर्क असतं, तेव्हा पार्टटाइम कामाची स्वप्नं बघू नको. खर्च पन्नास लाखांच्या पुढेच धर. इंग्लंडमध्ये ‘प्री-रजिस्ट्रेशन’ एमएस्सी हेच शब्द बघायचे, नुसतं ‘एमएस्सी ऑक्युपेशनल थेरपी’ दिसलं तर ते आधीच ओटी असलेल्यांसाठी असू शकतं, आणि कोर्स एचसीपीसीने, म्हणजे तिथल्या नोंदणी करणाऱ्या संस्थेने, मंजूर केलेला पाहिजे. आयईएलटीएसला बरीच कॉलेजं ७ बँड मागतात.

बाहेर शिकून परत नागपुरात यायचं असेल तर परदेशी डिग्री दाखवून इथे नोंदणी करून घ्यावी लागेल, २०२१ च्या कायद्यानंतर या सगळ्या शाखांसाठी राष्ट्रीय आयोग आहे आणि नोंदणीशिवाय प्रॅक्टिस हा आता गमतीचा विषय राहिला नाही. त्याच कारणाने सहा महिन्यांचे ‘थेरपिस्ट सर्टिफिकेट’ विकणारे जे दिसतात त्यांच्याकडे जाऊ नको. एवढंच, जास्त बोलले तर माझंच बीपी वाढते.

पण हे सगळं नंतर. आधी जाऊन बस. म्हणजे ऑब्झर्वेशन, थेरपिस्ट काम करते ते कोपऱ्यात बसून बघायचं. अमेरिकेतली काही कॉलेजं त्याचे तास मागतात, आपल्या नीटला कोणी विचारत नाही, तरी बस. आणि एकाच ठिकाणी नको. लहान मुलांचं एक क्लिनिक, एक मोठं हॉस्पिटल, जमलं तर मानसिक आजाराचं काम जिथे चालतं तिथेही, आपल्याकडे कोराडी रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. लेखी अर्ज दे, दोन ठिकाणी नाही म्हणतील, तिसऱ्या ठिकाणी हो म्हणतील.

काय दिसेल ते सांगते. मागे कळमेश्वरकडच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, लकव्याने डावा हात गेलेला, सहा महिन्यांनी पकड थोडी परत आली होती. पहिल्या दिवशी विचारलं काय करायचंय, मला वाटलं भाकरी म्हणतील. म्हणाल्या, निऱ्या. सुनेच्या हाताने नेसलेली साडी मला माझी वाटत नाही. मग निऱ्या. आता तू क्वालिटीवाला आहेस तर एक निरी डोळ्यासमोर आण. उजवा हात कापड पुढे सरकवतो, मोजतो, दुमडतो, आणि डाव्याला झालेली घडी अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरून ठेवायची असते, तीही न आवळता, कारण पुढची घडी त्यातच सरकवायची आहे. म्हणजे डाव्याने धरायचं, जरासं सोडायचं, परत धरायचं. लकव्याच्या हाताला धरणं एक वेळ जमतं, सोडणं जमत नाही. आम्ही सिंथेटिक साडी बाजूला ठेवली, ती निसटते, खळ घातलेली सुती घेतली, आणि झालेल्या निऱ्यांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावला म्हणजे डाव्या हाताकडे फक्त नवीन एकच निरी. तरी तीन निऱ्या झाल्या की चौथीला चिमट्यासकट पहिल्या तिन्ही खाली. परत पहिल्यापासून. चाळीस मिनिटं. त्या दिवशी कोपऱ्यात बँकेतली एक मुलगी ऑब्झर्वेशनला बसली होती, विसाव्या मिनिटाला तिने मोबाईल काढला आणि पुढच्या आठवड्यापासून आली नाही. मला तिचा राग नाही आला. तिला कळलं ते तिची पाच वर्षं जायच्या आधी कळलं, फुकटात.

तुला त्या चाळीस मिनिटांत चिमट्याची जागा दोन इंच वर घेतली तर काय होईल असं डोक्यात आलं तर ये.

बसशील तेव्हा वहीत रोज चार ओळी लिही. तारीख, किती तास, साधारण कुठल्या प्रकारचा पेशंट, नाव अजिबात नाही, आणि मुख्य म्हणजे थेरपिस्टने ठरवलेलं चाललं नाही तेव्हा तिने काय बदललं. तुझा अर्ज या वहीतून निघणार आहे.

आता अर्जाचं, बाहेरच्या कॉलेजांना लागतो तो. ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची होती’ असं लिहिलेले इतके कागद माझ्याकडे तपासायला आलेत, एकदा तर एका दिवसात तीन. सेवा करायची होती तर सहा वर्षं मापं घ्यायचं व्हर्नियर धरून काय करत होतास असंच वाचणारा म्हणेल. इंजिनिअरिंगचे मार्क, बॅकलॉग, बाबांनी जबरदस्ती केली, हे सगळं एका वाक्यात आटप. आणि ‘आयटी-एमआयडीसीत समाधान नाही’ हे तर नकोच, समाधान ओटीतही रोज मिळत नाही, रिपोर्ट लिहून लिहून मान दुखते ते मिळते.

तिथे त्या हँडलबद्दल लिही. पण असं नाही की ‘त्या घटनेने माझं आयुष्य बदललं’. मला सांग की कोणती दोन बोटं गेली होती. अंगठ्याच्या बाजूची, तर्जनी आणि मधलं, असतील तर चिमटीचं बारीक काम गेलं, पण मुठीची ताकद बरीचशी करंगळीच्या बाजूने येते, ती त्याच्याकडे राहिली असणार. म्हणून तू बहुतेक गोल नॉब काढून तळव्याने ढकलायचा लिव्हर लावला असशील. व्यास कसा ठरवलास? त्याला विचारलंस की स्वतःच ठरवलंस? पहिला चालला का, की दुसरा करावा लागला? तो ते हँडल खरंच वापरतो का, की सुपरवायझर बघतो तेव्हाच? या चार प्रश्नांची खरी उत्तरं म्हणजे तुझा अर्ज. याला आमच्यात टास्क अ‍ॅनॅलिसिस आणि मॉडिफिकेशन, म्हणजे काम सुटं करून बघणं आणि माणसाला जमेल असं बदलणं, म्हणतात, तू नाव माहीत नसताना केलंस. कंपनीचं आणि त्या माणसाचं नाव मात्र लिहू नको.

आणि फील्ड बदललं म्हणून मान खाली घालून लिहायची तर अजिबातच गरज नाही. हा पेशाच बाहेरून आलेल्यांनी उभा केलाय. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्जला ओटीची अमेरिकेतली पहिली संस्था स्थापन झाली तेव्हा जमलेल्या मोजक्या लोकांत जॉर्ज बार्टन आणि थॉमस किडनर हे दोघं आर्किटेक्ट होते, बार्टन तर स्वतः टीबी आणि अर्धांगाचा पेशंट, एक बाई हस्तकलेच्या शिक्षिका, एक सेक्रेटरी. आणि आपल्याकडे मुंबईला केईएममध्ये १९५० साली पहिलं ओटी स्कूल काढलं ते कमला निंबकरांनी, फलटणच्या शेतीवाल्या बनबिहारी निंबकरांच्या या आई, जन्माने अमेरिकन, जन्म १९०० चा. ओटी शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. तू २९ चं रडगाणं गाऊन राहिलास.

एक धोक्याची सूचना, खास इंजिनिअरांसाठी. तुम्हा लोकांना वस्तू बनवायची घाई असते. माझ्याकडे आलेल्या एका इंजिनिअर पोराने पार्किन्सनच्या एका आजोबांसाठी जाड मुठीचा, वजनदार चमचा बनवला, सायकलचा ग्रिप, आत शिशाचे तुकडे, काम एकदम सुबक. आजोबा क्लिनिकमध्ये छान खायचे, घरी चमचा कपाटावर. का? नातवाच्या मुंजीत पंगतीत तो काढायची लाज वाटली. शेवटी काय चाललं, ताटाखाली ओला पंचा म्हणजे ताट सरकत नाही, वरण-भात ताटाऐवजी उभ्या काठाच्या वाडग्यात, आणि कोपर मांडीवर टेकवून हाताने जेवणं. बिनखर्चाचं, आणि कोणाला दिसतही नाही. तो पोरगा आठवडाभर नाराज होता.

आणि हो, मटेरियल तुला कळतं म्हणून गाफील राहू नको. स्प्लिंटचं, म्हणजे हाताला आधार द्यायच्या पट्टीचं, थर्मोप्लास्टिक साधारण ६५-७० डिग्रीच्या गरम पाण्यात मऊ होतं, हे मलाही तोंडपाठ होतं. तरी मी मे महिन्यात तयार केलेले दोन मनगटाचे स्प्लिंट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून लग्नाला गेले, बाहेर पंचेचाळीस, काचा बंद. परत आले तर दोन्हींची भाकरी झालेली. पेशंटला फोन करून खरं सांगितलं, परत बनवून दिले आपल्या खर्चाने. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला सांगते, स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका, बंद गाडीत ठेवू नका, उन्हात वाळवू नका.

अजून एक विचार करून बघ. त्या हँडलच्या गोष्टीत तुला जास्त मजा कशात आली, हँडल बनवण्यात की तो माणूस परत लाइनवर उभा राहिला त्यात? खरं उत्तर ‘हँडल’ असेल तर ओटीपेक्षा दुसऱ्या वाटा तुला जवळच्या आहेत. आयआयटी मद्रासचं आर-टू-डी-टू नावाचं, अपंगांसाठी उपकरणं बनवणारं सेंटर आहे, तिथून उभं राहता येणारी व्हीलचेअर आली, कृत्रिम गुडघ्यावर काम चालतं, तिथे मेकॅनिकलवाला पाहुणा नसतो, घरचाच असतो. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स म्हणजे बीपीओ पण आहे, पण महाराष्ट्रात त्यालाही नीटच, म्हणजे बायोचा प्रश्न तिथल्या तिथेच. दोन्ही उत्तरं चांगली आहेत, फक्त कोणतं ते तुला माहीत पाहिजे.

तर या आठवड्यात मार्कशीट काढ, बायो आहे की नाही ते कळव. आणि ऑब्झर्वेशनला बसायचं असेल तर शनिवारी दुपारी तीननंतर माझ्याकडे मुलं असतात, चालेल, पण कंपनीतून डायरेक्ट येशील तर सेफ्टी शूज बाहेर काढून ये. टाइल्सवर त्यांचा आवाज होते आणि माझ्याकडच्या दोन पोरांना तो अजिबात सहन होत नाही, एक तर टेबलाखालीच जाऊन बसतो.